लोअर केलेल्या गाडीच्या मागच्या चाकांची पकड: आधी काय घ्यायचं?

निळीकूपे · सोमवार, रात्री 10:20

नमस्कार मंडळी,

गाडी 2011 ची मस्टँग जीटी, 5.0 लिटर, मॅन्युअल गियरबॉक्स. मागे सॉलिड ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड आसावर. त्याला बॉडीशी जोडणारे: खाली दोन आर्म (दांडे), डिफरन्शियलच्या (मधल्या, चाकांना जोर वाटणाऱ्या गियरपेटीच्या) डोक्यावर एक आर्म आणि ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा पॅनहार्ड रॉड. दोन महिन्यांपूर्वी चारही स्प्रिंगा बदलून गाडी 35 मिलिमीटर खाली घेतली. शॉक (स्प्रिंगांची उसळी शांत करणारे) मात्र मूळचेच, 70 हजार किलोमीटर चाललेले. मागचे टायर 275 रुंदीचे, जवळजवळ नवे.

वळणावर गाडी आता फार सुरेख बसते, त्याबद्दल तक्रार नाही. पण उभ्या जागेवरून जोरात निघायचं म्हटलं की मागची चाकं नुसती फिरत नाहीत, उड्या मारतात. सीटमागून कोणी घण घालतंय असा आवाज येतो, सगळी गाडी थरथरते आणि पाय काढावाच लागतो. दुसऱ्या गियरला पुन्हा तेच. गाडी खाली घेण्याआधी याच टायरांवर, याच रस्त्यावर असं कधी झालं नव्हतं.

माझी यादी अशी आहे: पॉलीयुरेथेन बुशच्या (सांध्यात रबराऐवजी कडक प्लास्टिकचं अस्तर असलेल्या) खालच्या आर्म, ॲडजस्टेबल वरची आर्म, ॲडजस्टेबल पॅनहार्ड रॉड, आर्मचं मागचं टोक खाली घेणाऱ्या रिलोकेशन ब्रॅकेट, जाड अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारा) आणि नवे शॉक. सगळं एकदम घेणं जमणार नाही. शिवाय एकदम बसवलं तर कशाने काय झालं तेही कळणार नाही. गाडी रोजच्या वापरातली आहे, महिन्यातून एखाद्या वेळी ट्रॅकवर नेतो. पहिल्यांदा काय घेऊ?

तेरानंबर · सोमवार, रात्री 10:51

अजून काहीही मागवू नका. आधी चार गोष्टी सांगा.

स्प्रिंगा बदलताना मागच्या आर्मचे बोल्ट सैल केले होते का? केले असतील तर परत आवळताना गाडी चाकांवर उभी होती की ॲक्सल हवेत लोंबत होता? गाडी सपाट जागी उभी असताना खालच्या आर्मचं पुढचं टोक जमिनीपासून किती उंच आहे आणि मागचं किती? बंप स्टॉप (ॲक्सल फार वर आला तर त्याला अडवणारा ठोकळा) आणि ॲक्सल यांच्यात किती जागा उरली आहे? आणि उड्या नेमक्या केव्हा सुरू होतात, क्लच सोडल्या क्षणी की चाक एकदा घसरल्यावर?

रबरीबुश · सोमवार, रात्री 11:30

माझ्याकडे 2007 ची, हीच मांडणी. मी फक्त खालच्या आर्म बदलल्या, दोन्ही टोकांना पॉलीयुरेथेन. त्याच दिवशी उड्या बंद. मूळची आर्म पत्र्याची दाबून केलेली असते आणि तिचा रबर बुश फार मऊ असतो. माझं मत, आर्म घ्या आणि विषय संपवा.

तेरानंबर · सोमवार, रात्री 11:48

रबरीबुश, सरळ रेषेत तुमचा अनुभव बरोबरच असणार. माझी हरकत वळणाला आहे. गाडी एका बाजूला कलते तेव्हा ॲक्सल बॉडीच्या मानाने तिरपा होतो, आणि प्रत्येक खालच्या आर्मला स्वतःभोवती थोडं पिळावं लागतं. रबर ते पिळणं पोटात घेतो. पॉलीयुरेथेन एका अक्षावर छान फिरतं, पण आडवं पिळायला गेलं की विरोध करतं. दोन्ही टोकांना तेच असलं की आर्म अडकते आणि मागच्या बाजूला जणू आणखी एक अँटी-रोल बार बसवल्यासारखं होतं. ओल्या रस्त्यावर वळणातून निघताना मागचं चाक अचानक का सुटतं, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

म्हणून एका टोकाला पॉलीयुरेथेन आणि दुसऱ्या टोकाला गोलाकार बेअरिंग, ही जोडी मला पटते. बेअरिंग ॲक्सलच्या बाजूला, पॉलीयुरेथेन बॉडीच्या बाजूला. आवाज थोडा वाढतो, पण आर्म मोकळी राहते.

रबरीबुश · मंगळवार, सकाळी 7:15

हे मला माहीत नव्हतं. पावसात माझी गाडी मागून पटकन सुटते हे खरं आहे, मी दोष टायरला देत होतो. शनिवारी एक बोल्ट काढून आर्म हाताने पिळून बघतो.

निळीकूपे · मंगळवार, रात्री 9:40

तेरानंबर दादा, आज गाडीखाली दोन तास घालवले.

बोल्ट सैल केले होते. काम एका गॅरेजमध्ये करून घेतलं आणि गाडी पूर्ण वेळ लिफ्टवर होती, म्हणजे आवळलेही तिथेच, ॲक्सल लोंबत असताना. ते मी स्वतः बघितलं होतं, तेव्हा त्यात काही चुकतंय हे कळलं नाही.

खालच्या आर्मचं मागचं टोक पुढच्यापेक्षा 14 मिलिमीटर वर आहे. म्हणजे आर्म मागे चढत जाते. बंप स्टॉपपाशी 22 मिलिमीटर जागा आहे. चाक आधी घसरतं, मग लगेच पकडतं, परत घसरतं, आणि तिथून उड्या सुरू होतात.

आणखी एक दिसलं. मागची चाकं दोन्ही बाजूंना सारखी बाहेर नाहीत. फेंडरच्या कडेवरून ओळंबा सोडून मोजलं तर दोन बाजूंत 10 मिलिमीटरचा फरक आहे.

ओळंबा · मंगळवार, रात्री 11:55

ओळंबा काढलात म्हणून मी आलोच. जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या तीन आकड्यांत सगळं उत्तर आहे.

आधी एक समजूत बाजूला ठेवू. गाडी खाली घेतली की वजन मागे सरकत नाही, म्हणून पकड जाते, असं बरेच जण सांगतात. हिशेब करून बघा. गाडी 1640 किलो, व्हीलबेस 2720 मिलिमीटर, गुरुत्वमध्याची उंची 530 मिलिमीटर धरू. अर्ध्या जी ने (गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या प्रवेगाने) निघालात तर मागे सरकणारं वजन म्हणजे 1640 गुणिले 0.5 गुणिले 530 भागिले 2720, साधारण 160 किलो. 35 मिलिमीटर खाली घेतल्यावर उंची 495 झाली, तर तेच 149 किलो. फरक 11 किलो, तोही दोन्ही चाकांत मिळून. मागच्या चाकांवर उभ्या उभ्याच साडेसातशे किलोंच्या आसपास वजन आहे. 11 किलोंनी घण घातल्यासारखा आवाज येत नाही.

बदलला आहे तो आर्मचा कोन.

गाडीकडे बाजूने बघा. खालच्या आर्मची रेषा पुढे वाढवा, वरच्या आर्मचीही वाढवा. जिथे त्या एकमेकींना छेदतात, तिथून ॲक्सल गाडीला ढकलतो असं समजा. टायर जमिनीला टेकतो त्या बिंदूपासून या छेदबिंदूपर्यंत एक रेषा काढा. ती जितकी चढी, तितका इंजिनाचा जोर मागची बाजू वर उचलून धरतो आणि स्प्रिंग कमी दबते. यालाच अँटी-स्क्वॅट म्हणतात. रेषेचा चढ गुरुत्वमध्याची उंची भागिले व्हीलबेस इतका असेल तर 100 टक्के, म्हणजे निघताना मागची बाजू बसतही नाही आणि उठतही नाही.

उदाहरणासाठी आकडे घेऊ, तुमच्या गाडीचे नेमके तुम्हालाच मोजावे लागतील. मूळच्या उंचीला छेदबिंदू 1600 मिलिमीटर पुढे आणि 280 वर असेल, तर चढ 0.175. शंभर टक्क्यांसाठी हवा 530 भागिले 2720, म्हणजे 0.195. अँटी-स्क्वॅट 90 टक्के. आता गाडी खाली आली, आर्म उलटी झाली, छेदबिंदू 1900 पुढे आणि फक्त 110 वर गेला. चढ 0.058, हवा 0.182. अँटी-स्क्वॅट 32 टक्के. 35 मिलिमीटरमध्ये एवढी उलथापालथ होते.

आता तुमचे 22 मिलिमीटर इथे आणा. 149 किलो म्हणजे एका बाजूला साधारण 730 न्यूटन. मागच्या स्प्रिंगचा दर 30 न्यूटन प्रति मिलिमीटर धरला, तर अँटी-स्क्वॅट शून्य असताना मागची बाजू 24 मिलिमीटर बसली असती. 32 टक्के असताना 17 मिलिमीटर बसते. तुमच्याकडे जागा 22. उरले 5. रस्त्यावरचा बारीकसा उंचवटा आला की ॲक्सल बंप स्टॉपवर. तो फोमचा असेल तर हळूहळू कडक होतो, त्यामुळे आदळल्याचा आवाज येत नाही, पण त्या क्षणी तुमची मऊ स्प्रिंग दगडासारखी झालेली असते आणि टायरवरचा भार उड्या मारायला लागतो. 90 टक्क्यांना हीच गाडी अडीच मिलिमीटर बसली असती.

खात्री करायची असेल तर बंप स्टॉप जिथे टेकतो त्या ॲक्सलवरच्या जागेवर जाडसर खडू लावा आणि एकदा जोरात निघा. बंप स्टॉपच्या तोंडावर खडू आला तर शंका नको.

बाकी उड्यांचं यंत्र असं आहे. टायर पकडतो, ॲक्सलचं नाक (डिफरन्शियलचं पुढचं टोक) वर वळायला बघतं, बुश पिळले जातात, टायरची भिंतही पिळली जाते. मग टायर सुटतो, पिळलेलं सगळं एकदम उलगडतं, ॲक्सल पुढे झेप घेतो, टायर परत पकडतो. सेकंदात कित्येकदा. हे शांत करणं शॉकचं काम, आणि 70 हजार किलोमीटर चाललेला, मूळच्या मऊ स्प्रिंगसाठी बनवलेला शॉक ते करू शकत नाही. त्यात तुमचे बुश हवेत आवळलेले, म्हणजे गाडी उभी असतानाच अर्धे पिळलेले. रबर बुशची आतली नळी बोल्टने घट्ट धरलेली असते, रबर फिरत नाही, फक्त पिळतो. लोंबत्या अवस्थेत आवळला की तीच त्याची विश्रांतीची जागा होते. तो आयुष्यभर त्या जागेकडे ओढत राहतो आणि लवकर फाटतो.

म्हणून माझा क्रम: गाडी चारही चाकांवर, रॅम्पवर चढवून, मागचे सगळे बोल्ट सैल करा, गाडी मागून दोनचार वेळा दाबून सोडा आणि मग कंपनीच्या पुस्तकातल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) आवळा. सोबत शॉक नवे, लोअर गाडीसाठीचे, आणि बंप स्टॉप आखूड. एवढ्यावर थांबून आठवडाभर चालवा. नंतर रिलोकेशन ब्रॅकेट आणि खालच्या आर्म एकत्र. वरची आर्म पिनियनचा (ॲक्सलच्या नाकातल्या गियरचा) कोन मोजल्याशिवाय घेऊ नका. पॅनहार्ड रॉड सगळ्यात शेवटी. 10 मिलिमीटरचा फरक म्हणजे ॲक्सल 5 मिलिमीटर सरकला आहे. डोळ्याला खुपतं, टायर आत घासू शकतो, पण सरळ रेषेतल्या पकडीशी त्याचा फारसा संबंध नाही. जाड अँटी-रोल बार तर यादीतून काढाच. मागचा बार जितका कडक तितकं वळणातून निघताना आतलं चाक हलकं होतं, आणि तुम्हाला हवं आहे त्याच्या बरोबर उलट.

शेवंती · बुधवार, दुपारी 1:05

ओळंबा, अप्रतिम प्रतिसाद. माझी गाडी वेगळी आहे, 2003 ची बीएमडब्ल्यू ई46, मागे स्वतंत्र सस्पेन्शन (दोन्ही चाकं वेगवेगळी हलतात), 30 मिलिमीटर खाली. मला उड्यांचा त्रास नाही, पण दुसऱ्या गियरमध्ये पूर्ण जोर दिला की मागचं चाक सहज सुटतं. छेदबिंदूचा हिशेब मला तसाच लागू पडतो का?

ओळंबा · बुधवार, रात्री 10:30

शेवंती ताई, जवळजवळ तसाच, एक मोठा फरक सोडून. तुमचं डिफरन्शियल बॉडीला टांगलेलं आहे, ड्राइव्हचा पीळ बॉडीच घेते. म्हणून रेषा टायरच्या जमिनीवरच्या बिंदूपासून न काढता चाकाच्या मध्यापासून काढायची. त्यामुळे अशा गाड्यांत अँटी-स्क्वॅट मुळातच कमी असतो आणि ब्रॅकेट लावून तो बदलायची सोयही सहसा नसते.

पण तुमच्याकडे माझी पहिली शंका कॅम्बरवर, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर झुकण्यावर आहे. स्वतंत्र सस्पेन्शन खाली घेतलं की चाकं वरून आत झुकतात, आणि जोर देताना मागची बाजू बसली की आणखी झुकतात. टायर आतल्या कडेवर चालतो. शेवटचा अलाइनमेंटचा कागद बघा आणि मागचा आकडा सांगा.

शेवंती · गुरुवार, सकाळी 8:20

मागे उणे 2 अंश 40 मिनिटं. डावा टो (चाकाचं पुढचं टोक किती आत-बाहेर वळलं आहे ते) आत, उजवा जवळजवळ शून्य.

तेरानंबर · गुरुवार, सकाळी 9:02

सापडलं. कॅम्बर खालच्या आर्मच्या इसेंट्रिक बोल्टवर आहे (फिरवला की आर्म सरकते). उणे दीडच्या आसपास आणा. बोल्ट टोकापर्यंत फिरवूनही येत नसेल तरच ॲडजस्टेबल आर्म. टोसाठी ट्रेलिंग आर्मच्या (चाकापासून पुढे बॉडीकडे जाणाऱ्या आर्मच्या) पुढच्या बुशचा कंस बॉडीवर लांबट भोकांत सरकतो. मात्र आधी ते बुश बघा. जुने असतील तर अलाइनमेंट उभ्या गाडीवर कितीही नीट केलं तरी जोर देताना चाक स्वतःच वळतं, आणि तुम्ही कागदावरच्या आकड्यांना दोष देत बसता. नवे बुश आवळताना गाडी तिच्या नेहमीच्या उंचीला, हा नियम इथेही तोच.

उतारवाट · गुरुवार, दुपारी 4:44

पट्टा स्प्रिंगवाल्यांसाठी दोन ओळी. ॲक्सल आणि पट्ट्यांच्या मध्ये ठोकळे घालून गाडी खाली घेतली असेल तर ॲक्सल पट्ट्यांपासून लांब गेलेला असतो. तेवढाच त्याचा पट्टे पिळायचा हात लांब होतो, पट्टा इंग्रजी एस सारखा वाकतो आणि उड्या मारतो. ठोकळा जितका उंच तितकं वाईट. मी उंच ठोकळे काढून पट्ट्यांची कमान उतरवून घेतली आणि वर बारीक ठोकळे ठेवले. गाडीची उंची तीच, पीळ अर्ध्यावर आला. त्यानंतर ट्रॅक्शन बार (पट्ट्यांना पिळू न देणारे दांडे) लावले.

निळीकूपे · रविवार, रात्री 8:15

पहिला टप्पा झाला. खडूची परीक्षा आधी केली. बंप स्टॉपच्या तोंडावर दोन्ही बाजूंना खडू, डाव्या बाजूला जास्त. ओळंबा, तुमचा 5 मिलिमीटरचा हिशेब डोळ्यांनी बघितला.

बोल्ट सैल केले तेव्हा डाव्या आर्मचा बुश टक्कन आवाज करून स्वतःच फिरला, इतका ताण साठला होता त्यात. सगळे बोल्ट चाकांवर उभ्या गाडीत आवळले. नवे शॉक लावले, बंप स्टॉप आखूड केले. आता जागा 35 मिलिमीटर आहे.

खड्ड्यांवर गाडी ओळखू येत नाही, इतकी शांत झाली. उड्या अर्ध्याहून कमी झाल्या. पहिल्या गियरमध्ये दोनतीन धक्के येतात आणि थांबतात. पण चाक अजून लवकर सुटतं. बाजूने मित्राने व्हिडिओ काढला आहे, निघताना मागची बाजू स्पष्ट बसताना दिसते.

ओळंबा · रविवार, रात्री 9:50

म्हणजे आवाज शॉक आणि बुशचा होता, आणि बसणं आर्मच्या कोनाचं. आता ब्रॅकेट घ्या.

ब्रॅकेटमध्ये सहसा दोन किंवा तीन भोकं असतात. मोह होतो सगळ्यात खालचं भोक घ्यायचा. घेऊ नका. आर्म मागे उतरत गेली की अँटी-स्क्वॅट वाढतो हे खरं, पण गाडी कलली की बाहेरचं दबणारं चाक मागे सरकतं आणि आतलं पुढे. म्हणजे मागचा ॲक्सल वळणाच्या बाहेरच्या दिशेला वळतो आणि शेपूट सुटायला मदत करतो. आत्ता तुमची आर्म उलटी आहे म्हणून याच्या विरुद्ध होतंय, वळणावर गाडी छान बसते असं तुम्ही लिहिलंत त्यात त्याचाही वाटा आहे. दुसरं म्हणजे, छेदबिंदू फार जवळ आणि उंच आला की जोरात ब्रेक दाबल्यावर मागचा ॲक्सल उचलला जातो आणि ब्रेकमध्ये उड्या मारायला लागतो. ट्रॅकवर वेगात वळणाकडे येताना हे फार वाईट. फक्त सरळ पळणाऱ्या गाडीला 120 टक्केही चालतील, तुमच्या गाडीला 70 ते 90 पुष्कळ.

आर्म आडवी किंवा मागे किंचित उतरती, एक ते दोन अंश, एवढं पुरे. त्यासाठी जे भोक लागेल ते.

निळीकूपे · रविवार, रात्री 10:05

ब्रॅकेट बोल्टचे घेऊ की वेल्डिंगचे? आणि आर्म ॲडजस्टेबल घेऊ का?

तेरानंबर · रविवार, रात्री 10:40

बोल्टचे चालतील, पण ते नीट बसले पाहिजेत. मूळच्या भोकात येणारी नळी घट्ट हवी, सैल असेल तर जोर देताना ब्रॅकेट हलतो आणि भोक लांबट करतो. दोनशे किलोमीटरनंतर टॉर्क परत तपासा. गाडीचा जोर वाढवणार असाल तर वेल्डिंग.

आर्म ठरावीक लांबीच्याच घ्या. ॲडजस्टेबल आर्म फक्त ॲक्सल गाडीशी काटकोनात आणायला लागतात, आणि दोन आर्म एका मिलिमीटरने कमीजास्त झाल्या तर गाडी तिरकी चालते. जिथे फिरवण्यासारखं काही नाही, तिथे चुकण्यासारखंही काही नाही.

बसवल्यावर पिनियनचा कोन मोजा. ब्रॅकेटमुळे ॲक्सलचा खालचा भाग थोडा पुढेमागे होतो, म्हणजे नाकाचा कोनही बदलतो. गाडी चाकांवर, टाकी अर्धी. प्रोपेलर शाफ्टचा (गियरबॉक्सकडून मागे येणाऱ्या फिरत्या दांड्याचा) कोन आणि पिनियनचा कोन डिजिटल मापकाने घ्या. दोन्हींतला फरक बघायचा, पिनियनचं नाक शाफ्टच्या मानाने एक ते दोन अंश खाली हवं, कारण जोर आला की ते वर उठतं. तेवढं असेल तर वरच्या आर्मला हात लावू नका. तिथला मोठा रबर बुश डिफरन्शियलच्या गियरचा आवाज अडवतो, तो कडक केलात की तो आवाज थेट केबिनमध्ये येतो, आणि तुम्ही गाडी रोज चालवता.

रबरीबुश · सोमवार, सकाळी 7:50

शनिवारी बोल्ट काढून बघितलं. माझी आर्म हाताने जेमतेम पिळली जाते. ग्रीस भरलं, थोडा फरक पडला, पण मुळात ती अडकतेच. मागच्या टोकांना बेअरिंग असलेल्या आर्म शोधतोय. तेरानंबर, मनापासून आभार. दोन पावसाळे मी टायर बदलत बसलो.

शेवंती · मंगळवार, रात्री 9:25

ट्रेलिंग आर्मचे दोन्ही बुश गेलेले निघाले. नवे बसवले, गाडीच्या उंचीला आवळले. कॅम्बर दोन्ही बाजूंना उणे 1 अंश 30 मिनिटं आला, इसेंट्रिक बोल्टवरच, नवी आर्म लागली नाही. टो दोन्ही बाजूंना सारखा, किंचित आत. दुसऱ्या गियरमध्ये आता पूर्ण जोर देता येतो. टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेचं तापमान मोजायला लागले आहे, फरक पूर्वीच्या निम्म्यावर आला.

निळीकूपे · पुढच्या शनिवारी, संध्याकाळी 6:30

दुसरा टप्पा. ब्रॅकेट बसवले, आर्म एका टोकाला पॉलीयुरेथेन, ॲक्सलच्या बाजूला बेअरिंग. ब्रॅकेटला तीन भोकं आहेत. वरच्या भोकात आर्म मागे एक अंश उतरते, मधल्यात अडीच, खालच्यात चार.

मला फरक स्वतः अनुभवायचा होता, म्हणून मोकळ्या ट्रॅकवर मधल्या भोकापासून सुरुवात केली. गाडी निघताना मागची बाजू हललीच नाही. चाक जमिनीला चिकटल्यासारखं, उड्या शून्य, दुसऱ्या गियरलाही शून्य. पण तिसऱ्या फेरीत लांब सरळ भागाच्या शेवटी जोरात ब्रेक लावले तेव्हा मागून बारीक धडधड सुरू झाली. नेमकं तुम्ही लिहिलं होतं तेच. वळणातून निघताना शेपूटही पूर्वीपेक्षा आधी सुटत होतं. खालच्या भोकाच्या वाटेला गेलोच नाही.

मग वरचं भोक. ब्रेक शांत, वळण शांत. निघताना मागची बाजू किंचित बसते, व्हिडिओत मोजली तर बोटभरही नाही. चाक सुटतं, पण सुटतानाही गुळगुळीत सुटतं आणि पायाने सांभाळता येतं. हेच ठेवतोय.

पिनियनचं नाक शाफ्टच्या मानाने दीड अंश खाली आहे. वरची आर्म यादीतून काढली.

तेरानंबर · शनिवार, संध्याकाळी 7:10

फार छान. एक विचारतो, मागचा अँटी-रोल बार अजून मूळचाच आहे ना? एखाद्या फेरीला त्याच्या दोन्ही बाजूंच्या लिंक सोडून बघा, बार आणि लिंक कुठे घासणार नाहीत अशा बांधून ठेवा. खर्च काही नाही. वळणातून निघताना आतलं चाक सुटत असेल तर लगेच कळेल.

निळीकूपे · शनिवार, रात्री 8:55

मूळचाच आहे. पुढच्या वेळी लिंक सोडून बघतो आणि इथेच लिहितो. दोनशे किलोमीटर झाले की ब्रॅकेटच्या बोल्टचा टॉर्क आणि पॅनहार्डचं मापही घेईन. आज ओळंब्याने परत मोजलं, फरक तोच 10 मिलिमीटर. टायर आत कुठेही घासल्याची खूण नाही, म्हणून रॉड तूर्तास मूळचाच राहू देतो.